कादंबरी वाचून मावशींकडे बघायची नजर बदलते का?

रानजाई

आमच्या वाचनभिशीत या वेळी थ्रिटी उमरीगर यांची 'द स्पेस बिटवीन अस' होती. २००६ सालची कादंबरी, पण आमच्यातल्या बहुतेकींनी पहिल्यांदाच वाचली. वाचनभिशी म्हणजे नाशकातल्या गंगापूर रोड, कॉलेज रोड, पंडित कॉलनी असा सगळा बायकांचा गोतावळा. पुस्तक एक, पोहे दोन प्रकारचे आणि भांडणं हवी तेवढी. या वेळचं भांडण मिटलं नाही म्हणून इथे घेऊन आले आहे.

न वाचलेल्यांसाठी थोडक्यात: मुंबईतलं खातंपितं पारशी घर. सेरा दुबाश ही मालकीण. भीमा तिच्याकडे वर्षानुवर्षं कामाला, झोपडपट्टीतून रोज येते. सेराला नवरा मारायचा. तिच्या अंगावरचे वळ भीमाने पाहिले, काही न बोलता तेल चोळून दिलं. भीमाची नात कॉलेजात शिकते ती सेराच्या पैशांवर. दोघी दुपारी चहा घेताना सुखदुःखाचं बोलतात. आणि तेव्हा सेरा टेबलाशी खुर्चीवर, भीमा खाली उकिडवी. भीमाचा पेला वेगळा. सेरा स्वतःला मोकळ्या विचारांची समजते, तिला हे खुपतंही. पण भीमा आपल्या खुर्चीवर बसलीय ही कल्पना तिला सोसवत नाही.

भिशीत तट पडले. एक म्हणाली, "पुस्तकानं माझे डोळे उघडले." दुसरी म्हणाली, "मीही ढसाढसा रडले, पण दुसऱ्या दिवशी आमच्या बाई अकराला उगवल्या तेव्हा राग नेहमीइतकाच आला." सगळ्यांत ज्येष्ठ काकूंचं म्हणणं, कादंबरी कादंबरीसारखी वाचा, घरात ऑडिट कशाला लावता.

माझं मत: सहानुभूती आपल्याकडे भरपूर आहे. जुन्या साड्या, दिवाळीचा फराळ, पोरांच्या वह्या, कुणी हात आखडत नाही. ती सगळी सहानुभूती आणि तो वेगळा पेला एकाच स्वयंपाकघरात सुखाने नांदतात, हे मला या कादंबरीनं दाखवलं. तुमचं काय म्हणणं? एखादं पुस्तक वाचून तुमच्या घरात प्रत्यक्ष काही बदललं का?

सिडकोचा_बाळ्या

दोन प्रकारच्या पोह्यांच्या प्लेटा कोणी घासल्या तेवढं सांगा. चर्चा मग पुढे नेऊ.

रानजाई

बाळ्या, प्रश्न रास्त आहे आणि उत्तर तुला माहीत आहे.

कडकलक्ष्मी

नजर कशाला बदलायची? पगार बदला.

आमच्या मजल्यावर चार घरं. चारही घरांत स्वयंपाकघरात कॅलेंडर आणि कॅलेंडरवर खाड्यांच्या फुल्या. दुधाच्या खाड्याची गोल खूण, बाईच्या खाड्याची फुली. महिन्याच्या शेवटी फुल्या मोजून पैसे कापायचे. त्याच घरांत नवऱ्याला शनिवार-रविवार सुट्टी, वर किरकोळ रजा, आजारपणाची रजा. मी हिशेब सोपा केला आहे. आठवड्याला एक सुट्टी ठरलेली, महिन्याला दोन जास्तीच्या, पैसे कापायचे नाहीत, दिवाळीला एक पगार. मला त्यासाठी कादंबरी लागली नाही. माझी आई नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोकरीला होती, युनियनची वर्गणी भरायची. सुट्टी ही मेहरबानी नसते एवढं घरातच शिकलो.

कादंबरीवाल्यांनी राग मानू नये. पण वाचून रडणाऱ्या बायका पगार वाढवताना पन्नास रुपयांवर अडून बसलेल्या मी पाहिल्या आहेत.

चिंचगुलाब

कडकलक्ष्मी +१. आमच्याकडे पण फुल्याच.

मिरचीचा_ठेचा

आता मी वाईटपणा घेते. मी सकाळी सातला घर सोडते. सातपूरला नोकरी, दोन मुलं, सासूबाई अंथरुणावर. मागच्या बाईंनी मुलीच्या लग्नासाठी उचल घेतली आणि लग्नानंतर आल्याच नाहीत. फोन बंद. आता कुणी मला सांगावं की मी कादंबरी वाचून नजर बदलायची. माझ्या बाजूनं कुणी कादंबरी लिहीत नाही ती?

कडकलक्ष्मी

तुमच्या बाजूनं लिहिलेल्या कादंबऱ्यांनी कपाटं भरली आहेत ठेचाताई. त्यांत बाई फक्त चहाचा ट्रे घेऊन येते आणि जाते.

मिरचीचा_ठेचा

:) बरं. पण उचल बुडाली ती बुडालीच.

प्रेसमशीन

बायकोने भिशीसाठी आणली म्हणून ही कादंबरी मी वाचली. (हो, पुरुषही वाचतात.) मला खुर्ची आणि पेल्यापेक्षा मधला एक भाग जास्त लागला. भीमाचा नवरा गोपाळ कारखान्यात कामाला असतो. मशीनवर त्याची तीन बोटं जातात. कंपनीचा माणूस कागद घेऊन येतो, भीमाला वाचता येत नाही, ती अंगठा देते. भरपाईचा हक्क त्या अंगठ्यासरशी जातो. पुढे गोपाळ दारूत बुडतो आणि संसार मोडतो.

मी अंबडला टूलरूममध्ये आहे. पॉवर प्रेसला (साच्यात, म्हणजे डायमध्ये, पत्रा दाबणारं मशीन) दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबल्याशिवाय स्ट्रोक पडू नये म्हणून. म्हणजे हात डायच्या बाहेरच राहतात. लहान वर्कशॉपमध्ये माल जास्त निघावा म्हणून एक बटण कागदाची घडी नाहीतर काडी खुपसून कायमचं दाबून ठेवलेलं मी स्वतः पाहिलं आहे. मग एक हात मोकळा, तो पत्रा सरकवायला डायमध्ये. पुढचं सांगायला नको. अशा माणसांच्या बायका सिडको, इंदिरानगर, पाथर्डी फाट्याला घरं धरतात. आपल्याला ती मोरीपाशी बसलेली दिसते. तिला मोरीपर्यंत कोणत्या मशीननं आणून बसवलं हे आपण विचारत नाही. कादंबरीत ते विचारलेलं आहे.

जाता जाता कायद्याचं. कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ चा. त्याच्या कलम १७ प्रमाणे कामगाराने भरपाईचा हक्क सोडला असा करारच मुळात रद्दबातल ठरायचा. म्हणजे भीमाचा अंगठा कायद्यापुढे टिकला नसता. तिला ते सांगणारं कुणी भेटलं नाही.

रानजाई

प्रेसमशीन, आमच्या भिशीत या भागावर कुणी बोललंच नाही. सगळ्या जणी खुर्चीवरच अडकलो.

चिकूमिल्कशेक

अहो गोष्ट फोडू नका ना, मी निम्म्यात आहे!

सिडकोचा_बाळ्या

शेवटी सगळं रामूकाकांनी केलेलं असतं.

निवृत्त_मास्तर

रामूकाकांवरून आठवलं. १९६३ साली 'मोलकरीण' नावाचा मराठी चित्रपट आला होता. सुलोचनाबाई. आम्ही तो विजयानंदला पाहिला, शाळा बुडवून. आई स्वतःच्या मुलाच्या घरी मोलकरीण म्हणून राबते. थेटरातून बायका पदर डोळ्यांना लावून बाहेर पडत होत्या. त्या काळी नाशकात वाड्यांमधून धुणंभांड्याला बायका असायच्याच, त्या पण आल्या होत्या आणि त्याही रडत होत्या. त्यामुळे कथेनं काहीच होत नाही असं मला म्हणवत नाही.

कडकलक्ष्मी

मास्तर, आदरपूर्वक. म्हणजे मोलकरणीबद्दल पाझर फुटायला ती शेवटी कुणाची तरी आईच निघावी लागते. नुसती मोलकरीण असून भागत नाही.

निवृत्त_मास्तर

निरुत्तर.

सिडकोचा_बाळ्या

मास्तरांना निरुत्तर केल्याबद्दल कडकलक्ष्मीताईंना एक मिसळ लागू. पापड वेगळा.

डेक्कनचा_नील

पुण्याचं थोडं सांगतो. १९८० मध्ये पुण्यात मोलकरणींनी संप केला होता आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. पगारी सुट्टी, आजारपणाची रजा, दिवाळीचा बोनस या मागण्या तेव्हापासूनच्या. राज्याचा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा, तो अशा अनेक वर्षांच्या रेट्यानंतरचा. कादंबऱ्यांपेक्षा हे महत्त्वाचं नाही का?

सिडकोचा_बाळ्या

आला पुणेकर. आता संपही पुण्यातच पहिला झाला म्हणणार.

डेक्कनचा_नील

मी पहिला म्हटलं नाही. तुम्हीच म्हणालात.

सह्याद्रीवारा

थोडा वेगळा सूर लावतो. कादंबरीचं काम वाचकाला सुधारणं हे नाही. नजर बदलते हे मान्य, पण कोणत्या दिशेला बदलेल याची हमी कोण देणार? लेला स्लिमानी या फ्रेंच-मोरोक्कन लेखिकेची एक कादंबरी आहे, तिला २०१६ चं गोंकूर पारितोषिक मिळालं. पॅरिसमधलं जोडपं, दोन मुलं आणि मुलांना सांभाळणारी लुईझ, सगळं घर तिच्यावर. पहिल्याच पानावर कळतं की तिने मुलांना मारलं. आमचा मुलगा तेव्हा लहान होता, सांभाळायला एक ताई यायच्या. ती कादंबरी वाचल्यावर मी ऑफिसातून दर तासाला घरी फोन करायचो. बदलली ना नजर?

चिंचगुलाब

बाप रे. हे पुस्तक नको.

कडकलक्ष्मी

सह्याद्रीवारा, मी ती वाचली आहे. तुम्ही अर्धीच सांगितलीत. लुईझच्या डोक्यावर मेलेल्या नवऱ्याचं कर्ज असतं, ती एका कोंदट खोलीत एकटी राहते, आणि मालक-मालकिणीला यातलं काही माहीत नसतं. सुट्टीला तिला सोबत नेतात, तिच्या हातचं जेवण मित्रांना वाढून कौतुक करून घेतात, पण ती घरी जाते म्हणजे कुठे जाते हे त्यांना ठाऊक नाही. मला भीती वाटली ती याची.

तुम्ही त्या ताईंना दर तासाला फोन करायचात. त्यांचं घर कुठे होतं?

सह्याद्रीवारा

पंचवटीत. एवढंच माहीत होतं. बरोबर पकडलंत.

गोदामाई

पंचवटीवरून आठवलं. २०१९ च्या ऑगस्टात गंगेला (म्हणजे गोदावरीला) पूर आला, पात्रातला दुतोंड्या मारुती बुडाला, तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका बाजूला पुराचे व्हिडिओ आणि दुसऱ्या बाजूला "आज कुणाच्या मावशी आल्या आहेत का?" असे मेसेज. दोन्ही एकाच माणसाकडून. त्या मावशी काठालगतच्या वस्तीत राहतात हे कुणाच्या ध्यानात येत नव्हतं.

(अवांतर आहे, माहीत आहे.)

रानजाई

अजिबात अवांतर नाही.

जास्वंद

बरेच दिवस नुसती वाचते आहे, आज लिहिते. माझी आई धुणंभांडी करायची. इंदिरानगरला घरं होती, आम्ही राहायला वस्तीत. मी शिकले, आता बँकेत आहे, आईने काम सोडलं. त्यामुळे या विषयावरचं पुस्तक दिसलं की मी घेतेच. 'द हेल्प' वाचलं, उमरीगर वाचल्या, त्याचा पुढचा भागही वाचला.

माझी तक्रार एकच. या कादंबऱ्यांतल्या बायका फार सोसतात आणि फार कमी हसतात. ('द हेल्प' मधली मिनी सोडून. तिची जीभ माझ्या आईसारखी आहे.) माझ्या आईने सगळ्या घरांना नावं ठेवली होती. एक 'फ्रीज-कुलूप', कारण फ्रीजला खरंच कुलूप होतं. एक 'दोन कुकर', दोघं नवरा-बायको असून रोज दोन कुकर लावायचे, बोलाचाल बंद होती म्हणून. एक 'शिंक आजोबा'. रात्री भाकरी थापता थापता ती आम्हाला दिवसाचा सगळा वृत्तांत द्यायची, आवाज काढून, नकला करून. पोट धरून हसायचो. तुम्ही आमच्याकडे बघता, आम्ही तुमच्याकडे बघतच नव्हतो असं थोडंच आहे? पण कादंबरीत बहुतेक वेळा बघणारी मालकीणच असते, निदान लिहिणारी तरी.

म्हणून मला बेबी हालदार यांचं 'आलो आंधारि' सगळ्यांत जवळचं. ती कादंबरी नाही, आत्मकथन आहे. बाराव्या वर्षी लग्न, मार खाल्ला, तीन मुलं घेऊन दिल्लीकडे आल्या आणि गुडगावला प्रबोध कुमार यांच्या घरी कामाला लागल्या. हे प्रेमचंदांचे नातू. पुस्तकांची धूळ पुसताना ही बाई पुस्तकांपाशी रेंगाळते हे त्यांच्या लक्षात आलं. आधी वाचायला पुस्तक दिलं, मग वही-पेन देऊन म्हणाले, लिही. बंगालीत लिहिलेलं त्यांनीच हिंदीत आणलं, २००२ साली छापलं गेलं. त्यात दुःखाचे मोठे प्रसंग आहेत, पण माझ्या लक्षात राहिल्या त्या बारीक गोष्टी: भाड्याच्या घराला संडास नाही, आणि नवरा कुठे आहे असं विचारणारे शेजारी. हे प्रश्न मला तोंडपाठ आहेत.

ओजसची_आई

जास्वंद, तुझ्या आईच्या नकला इथे लिही गं! आणि हो, 'आलो आंधारि' मधला भाग सीबीएसईच्या अकरावीच्या हिंदीच्या पुस्तकात आहे, 'वितान' मध्ये. लेकीचा अभ्यास घेताना वाचला. तिला परीक्षेत काय विचारलं तर 'तातुश यांच्या स्वभावाची वैशिष्ट्यं लिहा'. तातुश म्हणजे प्रबोध कुमार. बेबीची नाही, तातुशची!

जास्वंद

अगदी. मालक चांगला होता याचेच गुण मिळतात.

सह्याद्रीवारा

'द हेल्प' चा विषय निघालाच आहे तर. कॅथरीन स्टॉकेट स्वतः गोऱ्या, आणि २००९ च्या या कादंबरीत साठीच्या दशकातल्या मिसिसिपीतल्या काळ्या मोलकरणींचा आवाज त्यांनी 'मी' म्हणून लिहिला. त्यांच्या भावाकडे काम करणाऱ्या एका बाईंनी २०११ मध्ये दावा लावला की यातलं पात्र माझ्यावरून उचललं आहे. मुदत उलटल्याच्या मुद्द्यावर दावा फेटाळला गेला. पुस्तकात मालकिणी घराबाहेर मोलकरणींसाठी वेगळा संडास बांधायची मोहीम काढतात, रोगराईचं कारण देऊन. ते वाचताना अंगावर काटा येतो आणि मग आठवतं की आपल्या टॉवरमध्ये सात तास काम करणारी बाई जाते कुठे?

गोदामाई

पार्किंगमध्ये वॉचमनचा आहे, तिथे. त्याला कडी नाही. आमच्या मीटिंगमध्ये हा विषय मी काढला तर "लिफ्टच्या एएमसीवर बोलू आधी" म्हणाले.

कुकरची_शिट्टी

खुर्चीच्या मुद्द्यावर माझी शंका. आमच्या मावशींना मी कितीदा म्हटलं वर बसा. त्या बसतच नाहीत. फरशीवर भिंतीला टेकून पाय पसरून चहा पितात आणि म्हणतात, ताई, मला हितंच बरं वाटतं, पाठ मोकळी होते. मग यात उगाच आपण कादंबरी वाचून त्यांना अवघडून टाकायचं का?

मिरचीचा_ठेचा

हेच म्हणते. आमच्याही बसत नाहीत.

जास्वंद

माझी आईही बसायची नाही. मी मोठी झाल्यावर विचारलं तिला. तिचं उत्तर असं: सहा घरांपैकी एका घरी बसायची सवय लागली तर कधीतरी दुसऱ्या घरी चुकून बसेन आणि तिथे बोलणी खावी लागतील. त्यापेक्षा सगळीकडे एकच नियम ठेवलेला बरा.

पाठ मोकळी होते हेही खरंच असेल, कुकरताई. दोन्ही खरं असू शकतं.

कडकलक्ष्मी

या एका प्रतिसादासाठी धागा सार्थकी लागला.

चिंचगुलाब

खरंच. मी हे कधी असं ऐकलं नव्हतं.

कुकरची_शिट्टी

जास्वंद, आई काम करायची तेव्हा कुठल्या घरात काही बदललेलं तिला जाणवायचं का? म्हणजे कुणाची नजर बदलली की कसं कळतं?

जास्वंद

नजर वगैरे तिच्या भाषेत नव्हतं. एक काकू एप्रिल-मेमध्ये ती पोळ्या लाटायला आली की बाहेरच्या खोलीतला टेबलफॅन ओट्याच्या दिशेनं ठेवायच्या. गॅस फडफडतो म्हणून तिरका ठेवायचा, तोंडावर वारा येईल आणि ज्योत हलणार नाही असा. ते घर तिने शेवटपर्यंत सोडलं नाही, पगार तिथे सगळ्यांत जास्त नव्हता तरी. काकू काही वाचत होत्या की नाही, माहीत नाही.

सिडकोचा_बाळ्या

आज विनोद सुचत नाहीये. वाचतोय.

डेक्कनचा_नील

मघाशी घाईत लिहिलं, थोडं पूर्ण करतो. २००८ च्या कायद्याखाली १८ ते ६० वयाच्या घरकामगारांना मंडळाकडे नाव नोंदवता येतं, कामगार खात्याच्या कार्यालयात. पंचावन्न वर्षं पूर्ण झालेल्यांना दहा हजार रुपये सन्मानधन अशीही योजना आहे. २०२१ च्या निर्बंधांच्या काळात सरकारने १५०० रुपये जाहीर केले, ते नोंदणी असलेल्यांनाच. बाकीचं चित्र असं की घरकामगारांबद्दलचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार २०११ चा, भारताने त्याच्या बाजूनं मत दिलं पण तो अजून लागू करून घेतलेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं केंद्राला समिती नेमून स्वतंत्र कायद्याचा विचार करायला सांगितलं.

कुकरची_शिट्टी

नोंदणीवरून आमच्या ग्रुपवर महाभारत झालं आहे. त्या अर्जाला कामावर ठेवणाऱ्याचं प्रमाणपत्र लागतं. मावशींनी चार घरी विचारलं, चारही घरी उत्तर एकच, "साहेबांना विचारून सांगते." साहेबांना भीती अशी की सही केली म्हणजे उद्या पीएफ मागतील, कोर्टात खेचतील, घरावर हक्क सांगतील. घरावर हक्क! एकाने तर वकिलाला फोन लावला.

प्रेसमशीन

कादंबरीत भीमाच्या अंगठ्यानं घात केला. इथे मालकांचा अंगठा निघत नाहीये.

रानजाई, तुमच्या भिशीचा प्रश्न मी असा विचारेन: पुस्तक वाचून रडलेल्यांपैकी किती जणी त्या कागदावर सही करतील?

रानजाई

विचारते. नावानिशी नाही, आकडा सांगेन.

चिकूमिल्कशेक

संपवलं! आता बोलू शकते. (रसभंग इशारा. न वाचलेल्यांनी पुढचा प्रतिसाद गाळा.)

रानजाई, तुम्ही खुर्ची-पेल्यावर थांबलात, पण खरी गोष्ट शेवटी आहे. जोवर सेराला फक्त द्यायचं असतं, फी, औषधं, जुने कपडे, तोवर ती उदार आहे. जेव्हा भीमाचा शब्द एका बाजूला आणि घरातल्या माणसाची अब्रू दुसऱ्या बाजूला येते, तेव्हा ती काय करते बघा. भीमावर चोरीचा आळ येतो आणि इतक्या वर्षांचा सगळा जिव्हाळा एका दुपारीत संपतो. मला वाटतं कादंबरीचं म्हणणं हे आहे. फी देणं सोपं आहे, विश्वास ठेवणं महाग पडतं. अंगठी सापडत नाही तेव्हा आपण पहिल्यांदा कुणाचं नाव घेतो?

गोदामाई

आणि मग ती अंगठी कणकेच्या डब्यात सापडते आणि मावशींना ते कुणी सांगत नाही.

मिरचीचा_ठेचा

चिकू, हे मात्र पटलं. उचल घेऊन गेलेल्या बाईंवरून मी आताच्या बाईंना पहिले तीन महिने घराची किल्ली दिली नव्हती. त्या बिचाऱ्या बाहेर जिन्यात बसायच्या. त्यांचा त्या बाईंशी काही संबंध नव्हता, आडनावही वेगळं.

निवृत्त_मास्तर

मला एक सुचतं. कुसुमाग्रज प्रतिष्ठानची 'ग्रंथ तुमच्या दारी' योजना आपल्या नाशकातच २००९ साली सुरू झाली. पुस्तकांच्या पेट्या पार दुबईपर्यंत पोचल्या, तुरुंगातही गेल्या. अशी एखादी पेटी तुमच्या सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये न ठेवता मावशी जिथे राहतात तिथे ठेवायला काय हरकत आहे? आपण त्यांच्याबद्दल वाचतो, त्यांनीही आपल्याबद्दल वाचावं.

जास्वंद

मास्तर, कल्पना छान आहे, पण आई रात्री नऊला आडवी व्हायची. पेटी ठेवायचीच तर पोरांसाठी ठेवा. मी सावानात (सार्वजनिक वाचनालयात) पहिल्यांदा गेले ती शाळेच्या सहलीत, आणि एवढी पुस्तकं फुकट बघायला मिळतात यावर विश्वास बसला नव्हता.

काल आईला फोन करून भीमाची सगळी गोष्ट सांगितली. ऐकून घेतली पूर्ण. मग विचारते, "पगार किती होता तिला?" मला काही सांगता येईना. म्हटलं, अगं पेला वेगळा ठेवायची ते ऐकलंस का? तर म्हणाली, "सगळे पेले घासायला तीच होती ना? मग वेगळा ठेवून उपयोग काय त्या बाईला?"

कडकलक्ष्मी

आईंना साष्टांग नमस्कार. पहिला प्रश्न पगाराचा! मी पहिल्यापासून काय सांगत होते?

सह्याद्रीवारा

आणि दुसऱ्या प्रश्नात कादंबरीचं अख्खं परीक्षण.

रानजाई

भिशीचं उत्तर आणलं आहे. आम्ही अकराजणी. चौघी म्हणाल्या सही करू. दोघी म्हणाल्या घरी विचारून सांगतो. बाकीच्यांनी विषय बदलला. ज्या मैत्रिणीने डोळे उघडले म्हटलं होतं ती विषय बदलणाऱ्यांत होती. आणि ऑडिट कशाला म्हणणाऱ्या ज्येष्ठ काकूंनी हातातल्या पिशवीतून सरळ पेन काढलं. "कुठे करायची सांगा, माझ्याकडे मंगल पंधरा वर्षं आहे, तिला काय मी ओळखत नाही?" काकूंनी कादंबरी निम्मीच वाचली आहे, इंग्रजीचा कंटाळा येतो म्हणून.

आता यातून काय काढायचं ते तुम्हीच सांगा. पुढच्या वेळी 'आलो आंधारि' ठरलं आहे. हिंदी प्रत कुणाकडे असेल तर कळवा.

ओजसची_आई

वितानमधला धडा आहे, पूर्ण पुस्तक नाही. धड्याची झेरॉक्स देते.

डेक्कनचा_नील

माझ्याकडे आहे. पुण्याहून पाठवतो.

सिडकोचा_बाळ्या

परत करायची तारीख आताच ठरवून घ्या, पुण्याचं पुस्तक आहे.

कुकरची_शिट्टी

त्या अर्जाला अजून काय कागद लागतात कुणी सांगेल का? मावशी सोमवारी जाणार आहेत. प्रमाणपत्र मी देते आहे, ग्रुपवर सांगणार नाही.

प्रेसमशीन

आधार, वयाचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि तुमचं प्रमाणपत्र एवढं घेऊन जाऊ द्या. झेरॉक्स दोन-दोन. आणि जमलं तर सोबत जा, खिडकीवर एकट्या बाईला "उद्या या" म्हणतात.

मिरचीचा_ठेचा

प्रमाणपत्राचा नमुना असेल तर मलाही टाका. उचल मात्र मी देणार नाही, ते आधीच सांगून ठेवते.

जास्वंद

नका देऊ. पगार एक तारखेला द्या, उचल मागायची वेळ कमी येते.